रविवारी मरणारे ट्रान्झिस्टर

ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा काही म्हणजे काही होत नाही, आणि हाच त्याचा मोठा दोष आहे. रेडिओतले जुने काचेचे व्हॉल्व्ह मरताना निदान जांभळा उजेड पाडायचे, थोडा जळका वास सोडायचे. घरातल्या माणसांना कळायचं की काहीतरी घडलं, आणि चार शब्द सहानुभूतीचे मिळायचे. ट्रान्झिस्टर मात्र कचेरीतल्या जुन्या कारकुनासारखा जातो. बसलेला तसाच असतो, चेहराही तोच, फक्त काम थांबलेलं असतं. मीटर लावून पाहिल्याशिवाय मृत्यूचा दाखला देता येत नाही.

माझ्या हातून असे दहा गेले. आमच्या अँप्लिफायरमध्ये, म्हणजे रेडिओची ताकद वाढवणाऱ्या यंत्रात, ते जोडीनं काम करतात आणि एक गेला की दुसराही सती जातो, म्हणून पाच जोड्या म्हणा. पहिल्या चार रविवारी गेल्या, सकाळी अकरा ते सव्वाअकराच्या दरम्यान. पाचवीबद्दल पुढं सांगतो, कारण तिच्यामुळे माझा शेजारी तोरमोद याचा एक सिद्धांत बुडाला आणि त्याचं त्याला आजही दुःख आहे.

मी गावच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. त्याहून जास्त वर्षं माझा हॅम रेडिओचा परवाना आहे. पोटमाळ्यावर एक खोली, तिच्यात एक टेबल, टेबलावर रेडिओ आणि मोर्सची कळ. कट्ट-कडकट्ट करत मी जगभर बोलतो. बोलण्याची ताकद शंभर वॅट, म्हणजे एका जुन्या दिव्याएवढी. एवढ्यावर माझं आयुष्य समाधानात चाललं होतं. मग आर्नफिनला ऐकू येईनासं झालं.

आर्नफिन माझा शाळेपासूनचा मित्र. पन्नास वर्षांपूर्वी तो तास्मानियाला गेला, तिथंच लग्न केलं, तिथंच म्हातारा झाला. गेल्या वर्षी त्याची बायको मार्गित वारली. दर रविवारी आमची मोर्सवर गाठ पडते. फोन का नाही, असं सोलफ्रिद, म्हणजे माझी बायको, कैकदा विचारते. फोन आम्ही करून पाहिलाय. फोनवर दोन नॉर्वेजियन पुरुष एकमेकांचा श्वास ऐकतात, मग एकजण म्हणतो "बरं तर," आणि दुसरा म्हणतो "हो, बरं तर." कळीवर बसलं की मात्र आम्ही तासभर थांबत नाही. हे असं का, ते मला सांगता येणार नाही. माणूस तोंडानं बोलू शकत नाही ते बोटानं बोलतो, एवढं खरं.

तर आर्नफिनच्या आळीत सगळ्यांनी छपरांवर सूर्याच्या ऊर्जेची तावदानं बसवली, आणि त्यांच्या बॅटऱ्यांच्या स्वस्त यंत्रांनी त्याच्या रेडिओत रात्रंदिवस भाजी फोडणीला टाकल्यासारखा चुरचुराट सुरू केला. त्या चुरचुराटात माझा आवाज बुडाला. मी पानभर पाठवायचो, आणि तिकडून यायचं एक प्रश्नचिन्ह. मार्गित गेल्यावर नॉर्वेजियन भाषेत त्याच्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मी ठरवलं, चारशे वॅटचा अँप्लिफायर बांधायचा. दोन आठवड्यांचं काम. हे मी सोलफ्रिदला जानेवारीत सांगितलं.

त्यात एक घरगुती अडचण होती. सूर्याच्या लहरीमुळे त्या वर्षी तास्मानियाची वाट सकाळी अकरालाच उघडत होती, आणि अकराला आमच्या चर्चमध्ये प्रार्थना असते. चर्च आमच्या घराला लागूनच आहे, मध्ये फक्त दगडी कुंपण. सोलफ्रिद तिथल्या गायनमंडळात आहे. रविवारी चर्चला न जाणं आमच्या दक्षिण किनाऱ्यावर अजून लपत नाही. तेव्हा मी माझी पाठ धरली असं जाहीर केलं. पाठ ही फार समजूतदार वस्तू आहे. ताप मोजता येतो, पाठ मोजता येत नाही. पुढचे पाच महिने माझी पाठ दर रविवारी साडेदहाला धरायची आणि साडेबाराला, जेवणाच्या सुमारास, सुटायची.

अँटेनाची तार कुठं टांगायची, हा पहिला प्रश्न नगरपालिकेत गेला. आमचं गाव पांढऱ्या लाकडी घरांचं आणि जतन केलेलं. इथं खिडकीला वेगळा पांढरा लावला तरी पत्र येतं. नगरपालिकेतल्या बाईंनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि ही तार समुद्रावरून दिसेल का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, समुद्रावरून कोणी दुर्बिणीतून पाहिलं तर दिसेल. त्यांनी ते लिहून घेतलं आणि अर्ज समितीकडे पाठवला. समिती मे महिन्यानंतर बसणार होती. मग तोरमोदनं सांगितलं, की झेंड्याच्या काठीला परवानगी लागत नाही, आणि काठी तर तुझ्या अंगणात आहेच. तोरमोदचा सल्ला सहसा वाया जातो, पण हा चांगला होता. निदान तेव्हा वाटला. मी तारेचं एक टोक घराच्या आढ्याला बांधलं, दुसरं काठीच्या शेंड्याला. मधली तार तोरमोदच्या छपराच्या कोपऱ्यावरून जात होती. त्याला तिचा अभिमान वाटायचा.

अँप्लिफायर तयार झाला. आधी त्याला खोट्या अँटेनावर चालवून पाहायचं असतं. रंगाच्या रिकाम्या डब्यात तेल भरायचं, तेलात वीज अडवून तापणारा एक रोधक बुडवायचा, आणि सगळी ताकद त्याच्यात ओतायची. तेल कोमट झालं, ट्रान्झिस्टर खूश होते. तासभर चालवलं, काही झालं नाही. पहिल्या रविवारी अकराला मी अँटेना जोडली, आर्नफिनला हाक घातली, कळ तीनदा दाबली, आणि मीटरचा काटा शून्यावर येऊन पडला. पंखा फिरत होता, दिवा लागत होता. आतली जोडी गेली होती.

दुपारी कुंपणापाशी मी तोरमोदला ही बातमी दिली. तो आधी म्हणाला की ट्रान्झिस्टर तर त्याच्या वडिलांकडेही होता, मासे पकडायला जाताना न्यायचे, चामड्याच्या पिशवीत असायचा. तो रेडिओ आणि हा त्यातला सुटा भाग, हा फरक मी त्याला समजावला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि बॅटऱ्या बदलून पाहा म्हणाला.

नवी जोडी परदेशातून मागवायची होती. जकात कचेरीच्या फॉर्मवर वस्तू कशासाठी ते भरायचं होतं, आणि पर्याय तीनच होते: घरगुती, वैद्यकीय, नौका. हौस नावाचा रकाना नव्हता. रेडिओ आणि नौका यांचं जुनं नातं आहे, म्हणून मी नौकेवर खूण केली. त्यांनी नौकेचा नोंदणी क्रमांक मागितला. माझ्याकडे नौका नाही. आमच्या गावात हे कबूल करणं म्हणजे आपल्याला पोहता येत नाही असं सांगण्यासारखं आहे, आणि मला तेही येत नाही. शेवटी तोरमोदनं त्याच्या मासेमारीच्या होडीचा क्रमांक दिला. तेव्हापासून माझे ट्रान्झिस्टर त्याच्या होडीच्या नावानं येतात आणि तो ते स्वतः आणून देतो, आधी उघडून पाहून.

दुसरी जोडी घालताना मी फार शास्त्रीय वागलो. पहिली उष्णतेनं मेली असणार असं धरून ट्रान्झिस्टर आणि खालचा ॲल्युमिनियमचा ठोकळा यांच्यामध्ये पांढरा लेप इतक्या निगुतीनं लावला की सोलफ्रिद म्हणाली, लग्नाच्या केकवरही मी इतकी मेहनत पाहिली नव्हती. सोमवार ते शनिवार उत्तम चाललं. मंगळवारी मी ब्राझीलशी बोललो, गुरुवारी जपानशी. दोघांनीही मला अगदी शेजारी बसल्यासारखं ऐकलं. रविवारी अकराला आर्नफिनला हाक घातली, आणि जोडी गेली.

तिसऱ्या वेळी मी शिथिल प्रवाह कमी केला, म्हणजे ट्रान्झिस्टरला विश्रांतीत जरा कमी राबवलं. चौथ्या वेळी माल नकली असेल असा संशय धरून दुसऱ्या देशातून मागवला. एक मेलेला करवतीनं कापून पोटात खरंच काही आहे का, ते पाहिलं. होतं. सगळं खरं होतं. आठवडाभर ते इमानदारीनं राबायचे आणि रविवारी अकरानंतर प्राण सोडायचे.

आता तोरमोदचा सिद्धांत पुढं आला. तोरमोद तसा धार्मिक माणूस, चर्चच्या कारभारात आहे, पण दुष्ट नाही. कुंपणावर हात टेकून तो फार सौम्यपणे म्हणाला, "हालवोर, मी तुला दोष देत नाही. पण सहा दिवस चालतं आणि सातव्या दिवशी चालत नाही, हे मी पूर्वी कुठंतरी वाचलंय."

मी म्हटलं, "तोरमोद, ट्रान्झिस्टरला वार कळत नाही."

"तुला कळतो ना?" तो म्हणाला. "आणि तुझी पाठ कशी आहे?"

मला राग आला, पण त्याहून वाईट म्हणजे रात्री झोप सोडून मी त्या सिद्धांताचा विचार केला. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस मी. वहीत तक्ता आखला. तापमान, हवेतली वाफ, विजेचा दाब, सोलफ्रिदनं ओव्हन लावला होता की नाही, सगळं भरलं. तक्त्यातून एकच गोष्ट निघाली, रविवार. ती तोरमोदनं तक्ता न आखता सांगितली होती.

मग सतरा मे आला. आमचा राष्ट्रीय सण, आणि त्या वर्षी तो गुरुवारी होता. दर सतरा मेला मी आर्नफिनला शुभेच्छा पाठवतो. गुरुवार असल्यामुळे मी निर्धास्त होतो. खाली रस्त्यावरून बँड चालला होता, मुलं ओरडत होती, सोलफ्रिद राष्ट्रीय पोशाख घालून, चांदीची बटणं लावून फाटकात उभी होती. मी पाचव्या जोडीवर कळ दाबली. 'अभिनंदन' या शब्दाचा अर्धा भाग गेला आणि काटा पडला.

मला दुःख झालं नाही, हे सांगितलं तर खोटं वाटेल. मला तोरमोद आठवला आणि आनंद झाला. गुरुवार होता. देवाचा यात हात नव्हता. मी ही बातमी सांगायला खिडकी उघडली, तर समोर आमचा झेंडा. वारा समुद्रावरून येत होता, झेंडा फुलून ताठ उभा होता, आणि काठी, आजकालची ती लवचिक काठी, नम्रपणे वाकली होती. तोरमोदच्या घराकडे. शेंडा वाकल्यामुळे माझी तार सैल पडून तोरमोदच्या छपराच्या जस्ती पन्हळीवर आरामात विसावली होती.

सोलफ्रिद रविवारी चर्चला जाण्याआधी झेंडा चढवते. इतर दिवशी काठी मोकळी असते आणि ताठ राहते. रविवारी झेंडा, झेंड्यात वारा, वाऱ्यानं काठी वाकली, तार पन्हळीला टेकली. अशा वेळी चारशे वॅट बाहेर जात नाहीत. पत्ता चुकलेल्या पार्सलासारखे ते आल्या वाटेनं परत येतात आणि पाठवणाऱ्याच्याच डोक्यात बसतात. अशा परतीच्या मालापासून वाचवणारा एक छोटा रक्षक अँप्लिफायरमध्ये असायला हवा होता. जोडणीच्या नकाशात होता. तो मी 'नंतर जोडू' म्हणून खोक्यात ठेवला होता. हे मी तोरमोदला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

सोलफ्रिदला मी विचारून पाहिलं, की काही रविवार झेंडा नाही चढवला तर? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी देशच परत करायला सांगितला होता. तेव्हा झेंडा राहिला आणि तार हलली. तिचं टोक मी काठीवरून सोडवून कुंपणापलीकडच्या लिंडेनच्या झाडाला बांधलं. झाड चर्चच्या आवारात, फांद्या आमच्या बाजूला. चर्चच्या राखणदाराला विचारलं, तो हो म्हणाला. नगरपालिकेच्या बाईंना फोन केला. पानांतून तार दिसणार नाही म्हटल्यावर त्यांनी तर समितीलाच सुट्टी दिली. पंधरा दिवसांनी होडीच्या नावानं सहावी जोडी आली. यावेळी खोक्यातला रक्षकही मी जोडला, तोरमोद गावात नसताना.

जूनमधला दुसरा रविवार. माझी पाठ साडेदहाला धरली. सोलफ्रिदनं झेंडा चढवला आणि ती गेली. अकराला मी कळ दाबली. काटा वर चढला आणि वर राहिला. आर्नफिनचं उत्तर आलं, "आता ऐकू येतंय. सगळं ऐकू येतंय." पाच महिन्यांनी.

मग मी थांबलो नाही. पाच महिन्यांचं सगळं बाहेर काढलं. काय काय पाठवलं ते तेव्हा मला नीट आठवतही नव्हतं. बोट चालत होतं. पाऊण तासानं आर्नफिनचा चुरचुराट परत वाढला आणि आम्ही निरोप घेतला. मी खाली आलो, बटाटे उकडायला ठेवले. मला वाटतं मी शीळही घालत होतो.

सोलफ्रिद परत आली. तिनं टोपी काढली, पण खुंटीला लावली नाही. हातातच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आज तू आर्नफिनला काय सांगितलंस?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "हवामान."

"हवामानासाठी शपथ लागत नाही," ती म्हणाली, आणि मग तिनं जे सांगितलं त्यातलं पहिलं अर्धं मला समजलंच नाही.

आमच्या चर्चमध्ये पुढच्या दोन बाकांवर म्हातारी मंडळी बसतात. त्यांच्यासाठी फरशीखालून एक तार फिरवलेली आहे. पाद्री ध्वनिक्षेपकात बोलतात ते त्या तारेतून थेट त्यांच्या कानातल्या यंत्रांत ऐकू येतं. बाकी कोणाला त्यातलं काही कळत नाही. त्या तारेपासून माझं लिंडेनचं झाड दहा पावलांवर. अकरा वाजून पाच मिनिटांनी पुढच्या दोन बाकांनी एकदम कान चोळायला सुरुवात केली. तोरमोदच्या थोरल्या भावानं यंत्र काढून गुडघ्यावर आपटलं. एका आजोबांना वाटलं आपली वेळ भरली, त्यांनी शेजारच्याचा हात धरला. मागच्या बाकांना फक्त प्रवचन ऐकू येत होतं, त्यामुळे नव्या पाद्रींना वाटलं, आपल्या शब्दांचा आज म्हाताऱ्यांवर परिणाम होतोय, आणि त्यांनी प्रवचन वाढवलं.

एकटी बोर्गनी साल्वेसन शांत बसली होती. बोर्गनीबाईंचं वय शहाऐंशी. त्या एकोणिसाव्या वर्षी मालवाहू जहाजावर तारमास्तरीण म्हणून गेल्या आणि अठरा वर्षं जगाच्या समुद्रांवर होत्या. हे गावातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे विसरले होते, मीसुद्धा. बाईंनी डोळे मिटून थोडं ऐकलं, मग पर्समधून पेन्सिल काढली, भजनांचा कागद उलटा केला आणि शेवटपर्यंत लिहीत राहिल्या.

प्रार्थनेनंतरच्या कॉफीला सगळे त्यांच्याभोवती जमले. त्या म्हणाल्या, हे मोर्स आहे, आणि हे हालवोरच्या घरातून येतंय. काय म्हणतोय तो, असं पाद्रींनी विचारलं. बोर्गनीबाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. म्हणाल्या, दुसऱ्याची तार वाचून सांगायची नाही अशी मी शपथ घेतलेली आहे, कंपनी बुडाली तरी शपथ बुडत नाही. आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला.

"चाळीस माणसांच्या देखत," सोलफ्रिद म्हणाली. "सगळे माझ्याकडे बघत होते. असं काय पाठवलंस तू, की बोर्गनीला सांगता येत नाही?"

मला खरंच आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे उत्तर अशा वेळी द्यायचं नसतं.

पुढचे दोन दिवस गावानं माझं आयुष्य माझ्यापेक्षा जास्त रंगवलं. तोरमोद नेमानं कुंपणावर येऊन ताजी खबर द्यायचा. एका मतानुसार तास्मानियात बाई होती. दुसऱ्या मतानुसार मला असाध्य रोग होता आणि म्हणून पाठ. तिसरं मत तोरमोदचं स्वतःचं होतं, ते तो सांगत नव्हता, फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवत होता. सोलफ्रिद माझ्याशी अत्यंत सभ्यपणे वागत होती. "मीठ हवंय का?" असं विचारत होती. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं, मीठ समोरच असतं.

मंगळवारी दुपारी मी बोर्गनीबाईंकडे गेलो.

"तार पाठवणारा मीच आहे," मी दारातच म्हटलं. "मला माझी तार दाखवायला शपथ आड येत नसावी."

"पाठवणाऱ्याला प्रत मिळते," त्या म्हणाल्या. "बस. आणि तुला बोलतानाही इतकी घाई असते का?"

त्यांनी कागद आणून दिला. वर वेळ, खाली शब्दांची संख्या, मधे सरळ मोठ्या अक्षरांत माझे शब्द. आणि तळाला एक शेरा: 'संकेत जोरदार. हात खराब.'

मी तीस वर्षांहून जास्त मोर्स पाठवतोय. त्या शेऱ्यानं मला जे लागलं ते बाकीच्या मजकुरानंही लागलं नाही, आणि बाकीचा मजकूर साधा नव्हता. मी तो तिथंच उभ्यानं वाचला. मग घरी जाऊन सोलफ्रिदच्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. लिहिलं होतं ते असं: माझी पाठ ठणठणीत आहे, जानेवारीपासून खोटं बोलतोय. नवे पाद्री विम्याचे नियम वाचल्यासारखं बोलतात. गायनमंडळातल्या उंच आवाजाच्या बाया गातात तेव्हा बंदरावर मासे उतरवतायत असं वाटतं. तोरमोदकडे सल्ले इतके आहेत की तो ते झोपेतही देत असेल. आणि शेवटी: सोलफ्रिदशी खोटं बोलताना बरं वाटत नाही, पण तिथं रविवारी तुझं कोणी नाही, म्हणून माझी पाठ दुखत राहील.

सोलफ्रिदनं ते दोनदा वाचलं. मी पाठमोरा असल्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. ती म्हणाली, "उंच आवाजाच्याच ना? माझ्या रांगेबद्दल काही नाही?"

"तू खालच्या आवाजात आहेस," मी म्हटलं.

"मीही हेच म्हणते त्यांना दोन वर्षं," ती म्हणाली. आणि वर, "मला सांगितलं असतंस तर मी तुला घरी बस म्हटलं असतं. पाठ कशाला?"

पुरुष माणसाला खरं कारण सांगायला कमीपणा वाटतो आणि पाठदुखीत वाटत नाही, एवढंच मला सुचलं, आणि मी बटाटे सोलायला घेतले. तिनं त्या संध्याकाळी मीठ विचारलं नाही.

पण चर्चच्या मंडळाचं पत्र आलंच. भाषा गोड होती. प्रार्थनेच्या वेळी, म्हणजे अकरा ते बारा, आपण तो अँप्लिफायर बंद ठेवावा अशी विनंती. खाली सह्या, त्यात तोरमोदचीही. त्यानं कुंपणावर येऊन सांगितलं की सही करताना त्याला फार यातना झाल्या. मी पाच महिने, सहा जोड्या, एक समिती आणि एका होडीची अब्रू खर्ची घालून जे यंत्र उभं केलं, ते ज्या एका तासासाठी केलं त्याच तासाला बंद ठेवायचं होतं. शंभर वॅटचा म्हाताऱ्यांच्या कानांना त्रास नव्हता, पण त्यावर आर्नफिनला मी ऐकू येत नव्हतो. आम्ही होतो तिथं परत आलो होतो.

पुढच्या रविवारी साडेदहाला दारावर टकटक झाली. बोर्गनीबाई, अंगात ठेवणीतला कोट, हातात पर्स.

"चर्च पलीकडच्या बाजूला आहे," मी म्हटलं.

"ते माहीत आहे मला. ऐंशी वर्षं जातेय. आज तुझी खोली बघायची आहे."

पोटमाळ्याचा जिना त्या तीन वेळा थांबून चढल्या. टेबलाशी बसल्या, कळीवर दोन बोटं ठेवली, स्क्रू अर्धा फिरवून ती सैल केली. मी म्हटलं, परवाना माझ्या नावावर आहे, मला इथं हजर राहावं लागेल. त्या म्हणाल्या, मग राहा हजर, पण बोलू नकोस. अँप्लिफायर बंद होता. त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

अकराला त्यांनी आर्नफिनला हाक घातली. शंभर वॅटवर. मी पाठवतो तेव्हा टिंबं आणि रेघा धावत जिन्यावरून उतरणाऱ्या मुलांसारख्या पडतात, हे मला त्या क्षणी कळलं, कारण बाईंच्या हातून त्या एकेक पायरी उतरत होत्या. प्रत्येक शब्द त्या दोनदा पाठवत. मग थांबत. डोळे मिटून ऐकत. वादळात असंच करायचं असतं, त्या मला म्हणाल्या, गोंगाटालाही श्वास घ्यावा लागतो, तो श्वास घेतो तेव्हा बोलायचं.

बराच वेळ काही झालं नाही. हेडफोन त्यांच्या डोक्यावर होता, त्यामुळे मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा काही सांगत नव्हता. हजर राहायचं विसरून मी खाली गेलो, कॉफी केली, वर आणली. त्या पेन्सिलीनं भराभर लिहीत होत्या. उत्तर आलं होतं. आर्नफिन विचारत होता, कळीवर कोण आहे? हा हालवोर नव्हे.

हे त्यानं एका वाक्यात ओळखलं, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं. मी कपात साखर ढवळत राहिलो. मी साखर घेत नाही.

बाईंनी आपलं नाव सांगितलं, जहाजाचं सांगितलं. मग दोघांचं सुरू झालं. आर्नफिन तरुणपणी तास्मानियातल्या होबार्टच्या बंदरात कामाला होता. त्याच सालात बाईंचं जहाज तिथं सफरचंदं भरायला थांबलं होतं. त्या लिहीत होत्या, थांबत होत्या, कळीवर बोट ठेवत होत्या. मला कोणी काही विचारत नव्हतं. उघड्या खिडकीतून पलीकडच्या चर्चमधल्या गायनमंडळाचा आवाज येत होता, उंच रांग उंचच होती.

मधेच बाईंनी पाठवणं थांबवलं. ऐकता ऐकता त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हेडफोनची वायर रेडिओतून ओढून काढली. खोलीभर तो फोडणीचा चुरचुराट भरला. त्याच्या तळाशी, फार बारीक, टिंबं ऐकू आली. चार टिंबं, दोन टिंबं. चार टिंबं, दोन टिंबं. मोर्समध्ये माणूस हसतो तेव्हा असं पाठवतो. आर्नफिन ते पाठवत होता, थांबत होता, पुन्हा पाठवत होता.

मार्गित गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मी कप खाली ठेवला, आणि बाईंना नीट ऐकू यावं म्हणून खिडकी लावून घेतली.